‘वहाळात सोडून द्या’ या सल्ल्याला उत्तर

नमस्कार,

काचेच्या टाकीत पाळलेल्या, कवच फुटलेल्या गोगलगायीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘आपण तिसऱ्या, कालवं फोडून खाणारी माणसं. एका गोगलगायीसाठी एवढा खटाटोप कशाला? वहाळात सोडून द्या, नाहीतर विहिरीच्या शुद्ध पाण्यात ठेवा, आपोआप बरी होईल.’

तिसऱ्या मीही आवडीने खाते. पण टाकीतल्या गोगलगायीला आपणच काचेत आणून ठेवलंय. तिला हवं ते पाणी आणि अन्न शोधत दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ते पुरवणं आपल्याकडे येतं. ती कितीही स्वस्तात मिळालेली असो.

विहिरीच्या पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडचं जांभ्यातून झिरपलेलं पाणी प्यायला छान, पण मऊ. त्यात कॅल्शियम फार कमी आणि ते बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं. अशा पाण्यात धडधाकट कवचसुद्धा हळूहळू विरतं, त्यावर पांढरे खड्डे पडतात. मग तडा कसा भरायचा? तो भरून काढतो कवचाच्या आतला मऊ पडदा, मॅण्टल. तो आतून नवा थर चढवतो, आणि त्यासाठी त्याला पाण्यातून नि खाण्यातून कॅल्शियम लागतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७ च्या वर हवा (त्याखाली पाणी आम्लधर्मी). यावरचा उपाय तर आपल्या किनाऱ्यावरच सापडतो: माकुलाच्या पाठीतलं पांढरं, ठिसूळ हाड. गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत त्यातलं मीठ काढायचं आणि तुकडा टाकीत टाकायचा. अंड्याच्या टरफलांचा उकळून केलेला चुराही चालतो.

मीठ घालू नका, ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायीला सोसत नाही. तांब्याच्या कळशीतलं पाणीही नको. सुपारीवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात, त्यातला मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि गोगलगायींना तांबं अगदी थोडं असलं तरी विषारी. माशांच्या काही औषधांतही ते असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचून घ्या.

एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत आहे. मॅण्टल कवचापासून सुटून अंग बाहेर लोंबायला लागलं, तर खटाटोपाला अर्थ नाही. नुसता तडा किंवा कडेचा टवका असेल तर ती वाचू शकते. मासे जखमेला टोचतात, म्हणून वेगळी, उथळ पाण्यात ठेवा. ॲपल स्नेल, म्हणजे टाकीत पाळतात ती गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय, हवा घ्यायला वर येते, तिला फार चढावं लागू नये.

आणि वहाळात सोडणं? कृपया नको. दुकानातल्या ॲपल स्नेल मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या. त्यांच्यातलीच एक जात १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली, आणि पुढे आग्नेय आशियातल्या भातशेतीत तिने कोवळी रोपं फस्त केली. आपल्या हातातली नेमकी कोणती, हे नुसतं बघून ओळखणं कठीण. आपला वहाळ पावसाळ्यात थेट खाचरांतून वाहतो. माझा जीव या गोगलगायीत आहे, तसाच त्या भाताच्या लावणीतही आहे.

सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. पाण्याच्या वर काचेला गुलाबी किंवा फिकट अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला आणि पिल्लं नको असतील, तर तो खरवडून फ्रीझरमध्ये गोठवा आणि मगच टाका. गटारात नको, तेही शेवटी वहाळालाच मिळतं.