गोष्ट कोण सांगतो आहे?

कथालेखनाविषयी कुठेही बोलणे निघाले की कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, संवाद अशी घटकांची यादी ठरलेल्या क्रमाने पुढे येते आणि निवेदकाची आठवण, झालीच तर, सर्वांत शेवटी होते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गोष्ट कोण सांगतो आहे आणि त्याला त्यातले किती ठाऊक आहे, हे पक्के झाल्याशिवाय बाकीच्या घटकांना आकारच येत नाही.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ अवघे २६ वर्षांचे होते. बालविवाह, अकाली वैधव्य, सक्तीचे केशवपन या विषयांवर त्या काळी सभा आणि वर्तमानपत्रे गाजत होती, म्हणजे मजकूर नवा नव्हता. हरिभाऊंनी तो कादंबरीची नायिका यमू हिच्या तोंडी दिला, आणि लहानपणापासूनच्या घरगुती आठवणी सांगत ती जेव्हा स्वतःच्या वैधव्यापाशी येते, तेव्हा वाचक तिच्या घरातला माणूस झालेला असतो. हीच हकिगत एखाद्या सर्वज्ञ निवेदकाने सांगितली असती तर तिचे सुधारणेवरचे व्याख्यान झाले असते, असे मला मनापासून वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत निवेदक आहे बाहेरून आलेला तरुण मास्तर. धनगरांची वस्ती, मेंढरे, तिथल्या रीती हे सारे त्याला नवे असते, म्हणून तो ते पाहतो आणि आपल्यालाही दाखवतो. वाडीतच जन्मलेल्या कोणी ही गोष्ट सांगितली असती तर त्यातले निम्मे त्याला सांगण्याजोगे वाटलेच नसते. ज्याला आपण वातावरणनिर्मिती म्हणतो ती इथे मास्तराच्या परकेपणातून आपोआप झाली आहे.

मला स्वतःला हे फार उशिरा उमगले. गाव कायमचे सोडून मुलाकडे शहरात निघालेल्या एका काकूंची कथा मी लिहीत होते. तीन खर्डे झाले, तिन्ही निर्जीव. त्यांत काकूंच्या मनातली घालमेल मी दोन-दोन पाने समजावून सांगितली होती. चौथ्या खर्ड्यात शेजारच्या बिऱ्हाडातल्या नऊ वर्षांच्या मुलाला बोलते केले. त्याला एवढेच दिसते, की काकूंनी दुधाचा रतीब बंद केला आहे, लोणच्याची बरणी त्याच्या आईच्या हवाली केली आहे आणि आज तुळशीला तांब्याऐवजी अख्खी कळशी ओतली आहे. इतके पाणी कशाला, असे तो विचारतो. काकू कळशी ओट्यावर पालथी घालतात आणि काही न बोलता आत जातात. घालमेलीची ती दोन पाने मी त्याच रात्री काढून टाकली.