जन्मजात संरक्षण आणि सिगारेटचा धूर

‘हृदयविकार घराण्यातच असेल, तर सिगारेट सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाला हृदयविकारावरील लेखमालेतील लेखात ‘उपयोग आहे’ असे एका ओळीत उत्तर दिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. २०१७ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात २९ अभ्यासांतील १ लाख ४० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली होती. पंधराव्या गुणसूत्रावर एडीएएमटीएस७ नावाचे जनुक आहे. त्याच्या परिसरातील एक विशिष्ट बदल असणाऱ्या आणि कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तींमध्ये हृदयधमनीविकाराचा धोका १२ टक्क्यांनी कमी आढळला. धूम्रपान केलेल्यांमध्ये मात्र हाच लाभ जेमतेम ५ टक्के उरला. हृदयधमनीच्या स्नायुपेशींवर सिगारेटच्या धुराच्या अर्काचा प्रयोग केला, तेव्हा या जनुकाची सक्रियता वाढली, आणि त्यापासून तयार होणारे प्रथिन धमनीच्या भिंतीत थर साचण्यास हातभार लावते. म्हणजे जन्मतः मिळालेले संरक्षण धूर आतूनच पोखरतो.

माझे वडील सदऱ्याच्या खिशात विडीचे बंडल आणि काडेपेटी बाळगत आणि ‘आमचे आजोबा विड्या ओढून नव्वदी पार करून गेले’ असे अभिमानाने सांगत. वडिलांना ५४व्या वर्षी झटका आला. आजोबांच्या जनुकांचा सरासरी चौथा हिस्साच नातवाकडे येतो, आणि त्यात नेमके काय आले हे कोणालाच ठाऊक नसते, हे त्यांना तेव्हा कोणी समजावून सांगितले नाही, याची खंत मला आजही आहे. लेखकाने पुढील भागात या मुद्द्यावर अवश्य लिहावे.