सव्वाआठ फूट

आमच्या गॅलरीतून मुलीच्या शाळेचं गेट दिसतं. नुसतं गेट नाही, गेटवरच्या मावशींनी आज कुठल्या रंगाची साडी नेसली आहे तेही दिसतं. नाकासमोर चालत गेलं तर चार मिनिटं. पण पुण्याजवळच्या आमच्या पुनावळ्यात नाकासमोर जायची सोय नाही. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडा, डीपी रोडने (विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्याने) चौकापर्यंत जा, वळसा घाला, परत तेवढंच मागे या. एक किलोमीटर सहाशे मीटर. स्कूटरच्या मीटरवर मोजलंय. डोळ्यांसमोरच्या शाळेसाठी आम्ही व्हॅनवाल्या काकांना दर महिन्याला अठराशे रुपये देतो.

मध्ये आहे काय? आमची कंपाउंड वॉल. पलीकडच्या सोसायटीचं पार्किंग. त्यांची कंपाउंड वॉल. मग स्लॅबखाली गाडलेला ओढा आणि त्यावर माजलेली वेडी बाभूळ. मग शाळा. बस्स.

इतकी वर्षं मी हे पाऊस-पाण्यासारखं धरून चालले होते. आहे ते आहे. मग गावाकडून नाना, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. नाना तलाठी म्हणून निवृत्त झाले. त्यांना गॅलरीतून सूर्यास्त दिसत नाही, जमिनींचे गट नंबर दिसतात. आल्या आल्या महिन्याभरात त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढून आणली आणि डायनिंग टेबलावर पसरली. कडा उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

"अगं, ही बघ. तुझ्या पोरीची शाळा."

"कुठे?"

"ही तुटक रेघ दिसते ना? पायमार्ग आहे हा. गावठाणातून निघतो, ओढ्याच्या कडेकडेने, तुमच्या या बिल्डिंगच्या पोटातून जातो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही नव्हतं): जुन्या गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात आणि पायवाट एका तुटक रेघेने. पायमार्गाची रुंदी धरलेली आहे सव्वाआठ फूट. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी साखळ्या ओढत मोजणी करणाऱ्यांनी नुसत्या चालणाऱ्या माणसासाठी सव्वाआठ फूट सोडले होते. आमच्या डीपी रोडच्या फुटपाथवर आज दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की फुटपाथवर किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १.८ मीटर म्हणजे सहा फूट. म्हणजे कागदावरसुद्धा आपण सव्वादोन फूट मागे आलोय. प्रत्यक्षात तर विचारूच नका. दर सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ संपतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो. नानांचा गुडघा त्याला 'पुनावळ्याचा हरिश्चंद्रगड' म्हणतो.

मी विचारलं, मग ती रेघ गेली कुठे? नाना म्हणाले, जमीन एन.ए. (बिगरशेती) झाली, लेआउट मंजूर झाला, आणि त्या लेआउटमध्ये ती रेघ कुणी घेतलीच नाही. कुणी पुसली असंही नाही. नुसती घेतली नाही. शेतकरी असता तर भांडला असता. शेतात जायला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. नानांची निम्मी नोकरी असल्या तंट्यांचे पंचनामे करण्यात गेली. फूटभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते आपल्याला वेडेपणाचं वाटतं. मला आता वाटत नाही. त्यांना वाटेची किंमत कळते. आम्ही पाऊण कोटीचं कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि शाळेला वाट आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर मॉड्युलर किचन देणार का.

आणि हो, 'गार्डन' विचारलं होतं. ब्रोशरमध्ये होतंच ते.

तर त्या गार्डनची गोष्ट. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट करताना १० टक्के जागा मोकळी, खेळण्या-बसण्यासाठी ठेवावी लागते, शक्यतो एकाच ठिकाणी. वाचायला छान. पण हीच नियमावली ती जागा काही अटींवर पोडियमच्या, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या, गच्चीवरही चालवून घेते. त्यामुळे आमची बाग जमिनीवर नाही, दोन मजली पार्किंगच्या डोक्यावर आहे. खाली गाड्या सावलीत, वर पोरं उन्हात. मातीचा थर जेमतेम दोन-अडीच फुटांचा, त्यात झाड काय डोंबल वाढणार? पाम आहेत. पामची सावली पामलाही पुरत नाही. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता तिथल्या टाइल्सवर अनवाणी पाय ठेवून बघा. लॉन आहे, त्यावर पाटी आहे: 'लॉनवर चालू नये'. बॉल खेळायचा नाही, कारण कडेच्या फ्लॅटची काच. सायकल नाही, कारण वॉटरप्रूफिंग. म्हणून पोरं कुठे खेळतात? जमिनीवर जी थोडी 'ओपन स्पेस' उरली आहे तिथे, एका बाजूला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बाजूला एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरणाची) चिमणी. वारा फिरला की सगळी टीम नाक धरून फील्डिंग करते.

मुंबईच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की तिथल्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे लागणारी १५ ते २५ टक्के मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग हा तिला पर्याय नाही. मुंबईचे नियम वेगळे, आमचे वेगळे, मान्य. पण पोरांचे पाय तेच आहेत ना?

बरं, बाग जमिनीवर असती तरी माझी तक्रार संपली नसती. आमच्या रस्त्यावर ओळीने अकरा सोसायट्या आहेत. अकरा घसरगुंड्या. अकरा ठिकाणी तेच निळे-पिवळे प्लॅस्टिकचे झोके, अकरा ठिकाणी तेच चारशे पावलांचे 'जॉगिंग ट्रॅक', ज्यावर माणसं घाण्याच्या बैलासारखी गोल फिरतात. आणि एकही मैदान नाही. हिशेब करून बघा. प्रत्येकाची जागा पाच एकर धरली तर प्रत्येकाचे १० टक्के म्हणजे अर्धा एकर. अकरांचे मिळून साडेपाच एकर. साडेपाच एकरांत मैदान होतं, वडाची-करंजाची झाडं होतात, कडेने चालायची वाट होते, म्हाताऱ्यांचा कट्टा होतो. आमच्याकडे ते साडेपाच एकर आहेत, आजही आहेत, फक्त अकरा तुकड्यांत आणि बावीस भिंतींच्या आड.

इथे लोक लगेच पुण्यातल्या मगरपट्टा सिटीचं नाव काढतात. बरोबर आहे, तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र आणल्या, म्हणून एका जागी २५ एकरांची बाग काढता आली. पण आमच्याकडे एकेक गट एकेका बिल्डरने वेगवेगळ्या वर्षी घेतला. प्रत्येकाचा आर्किटेक्ट आपल्या हद्दीच्या आत हुशार. हद्दीच्या पलीकडे काय आहे ते त्याच्या ड्रॉइंगमध्ये पांढरं. विकास आराखड्यात बारा, अठरा, चोवीस मीटरचे रस्ते असतात, बागेची आरक्षणं असतात, पण या गटातून त्या गटात जाणारी तीन मीटरची पायवाट कुणी काढायची? गटागटांत ती काढायची तर सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून नव्याने वाटणारी नगररचना योजना लागते. १९६६ च्या एमआरटीपी (प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्यात तिची तरतूद आहे. ती वेळेत झाली तर झाली. इमारती उभ्या राहिल्यावर काय करणार, भिंतींना विनंती?

माझी मावसबहीण सीबीडी बेलापूरला असते. तिच्याकडे गेले की मी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक चक्कर मारतेच. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत. तिची मांडणी एखाद्या गृहिणीने डबे लावावेत तशी आहे. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन चौक मिळून एकवीस घरं, त्यांना बारा बाय बाराचा मोठा चौक. तसे तीन मिळून वीस बाय वीसचा आणखी मोठा. शेवटी सगळं जाऊन मिळतं मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या मोकळ्या जागेला. आता मूळची घरं फारशी उरलेली नाहीत, पाडून तीन-तीन मजले चढवलेत, चौकात स्कूटर लागतात, एका चौकात तर कुणीतरी सिमेंटची गोणी गेल्या दिवाळीपासून ठेवली आहे. पण चौक आहेत. घरं बदलली, मोकळी जागा तशीच राहिली, कारण ती उरलेली नव्हती, आधी काढलेली होती. आणि मी, परकी बाई, एका चौकातून दुसऱ्या चौकात चालत गेले, कुणी रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं नाही. दारात वाटाणे सोलत बसलेल्या आजींनी फक्त "कोणाकडे?" विचारलं. मी म्हटलं, "कोणाकडेच नाही, अशीच." त्या म्हणाल्या, "बरं."

ओढ्याचं एक सांगायचं राहिलं. आमच्या ओढ्यावर स्लॅब पडला कारण तो ब्रोशरमध्ये 'नाला' होता. खरं तर नव्या उपनगरात सलग वाट काढायला ओढ्यासारखी आयती जागा नाही. तो कुणाच्या गटात संपत नाही, त्याच्या दोन्ही काठांनी तसंही अंतर सोडावंच लागतं, आणि चढ-उतार त्याने आधीच काढून ठेवलेला असतो. जुना पायमार्ग त्याच्या कडेने होता तो उगाच नाही. गावाने पायांनी नियोजन केलं होतं.

असो. जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मी विषय मांडला. मागच्या भिंतीला एक छोटं गेट ठेवू, पलीकडच्या सोसायटीशी बोलू, शाळेला वाट करू. नाना नकाशा गुंडाळून सोबत. पहिल्या दोन मिनिटांत 'सिक्युरिटी', तिसऱ्या मिनिटाला 'बाहेरची माणसं', पाचव्या मिनिटाला 'रीसेल व्हॅल्यू'. एक काका म्हणाले, "ताई, आपण गेटेड कम्युनिटीचे पैसे भरलेत." ठराव पडला.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दोन उंच भिंतींच्या मधल्या बोळातून संध्याकाळी सातनंतर मीही मुलीला पाठवणार नाही. पण बोळ भीतीदायक होतो तो भिंतींमुळे. वाटेकडे खिडक्या उघडत असतील, भिंतीऐवजी जाळी असेल, कडेला इस्त्रीवाल्याची टपरी असेल, तर तीच वाट डीपी रोडपेक्षा सुरक्षित. आमच्या डीपी रोडवर डंपर असतात. डंपरची भीती एजीएममध्ये कुणीच काढली नाही.

जे आत्ता बुकिंग करताय त्यांना हात जोडून सांगते, सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघू नका. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर जाऊन मंजूर नकाशा उघडा. मोकळी जागा जमिनीवर आहे की पोडियमवर ते बघा. ती शेजारच्या गटाच्या मोकळ्या जागेला कुठे टेकते का ते बघा. 'फेज टू'च्या नावाखाली पुढे नकाशा बदलायला निघाले तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, तेव्हा करारातल्या बारीक अक्षरांत ती आधीच देऊन बसू नका. आम्ही बसलो होतो. जिथे टेनिस कोर्ट येणार होतं तिथे आता ई विंग आहे.

पोस्ट लांबली. शेवटची बातमी सांगते आणि थांबते. परवा संध्याकाळी बेल वाजली. पलीकडच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांचा नातूही त्याच शाळेत, आणि त्यांनाही व्हॅनचे अठराशे पडतात. म्हणाले, "वहिनी, तुमच्या नानांकडे कुठलासा नकाशा आहे म्हणे. झेरॉक्स मिळेल का?" नाना आतून म्हणाले, "झेरॉक्स कशाला, बसा. बरणी जरा बाजूला घे गं."

चहा झाला. दोघं टेबलावर वाकून त्या तुटक रेघेवर बोट फिरवत होते. त्यांच्या बाजूच्या भिंतीत, पार्किंगच्या टोकाला, एक जुनं लोखंडी दार आहे म्हणे, बांधकामाच्या वेळी मजुरांसाठी ठेवलेलं. वेल्डिंग करून बंद केलंय. रविवारी सकाळी सात वाजता दोघं ते बघायला जाणार आहेत. आमच्या बाजूने भिंतीपर्यंत, आणि मग रस्त्याने वळसा घालून दुसऱ्या बाजूने भिंतीपर्यंत.