२५६ क्वाम म्हणजे चौपट स्पीड? त्या फॉरवर्डचं काय खरं काय खोटं

सध्या परभणी-जालन्याकडच्या झाडून सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, तुम्हाला पण आलाच असेल. थोडक्यात असा की सिग्नलमध्ये जितके बिंदू तितका स्पीड, ६४ क्वामपेक्षा २५६ क्वाम चौपट फास्ट (क्वाम म्हणजे लहरीवर बिट चढवायची पद्धत, आकडा म्हणजे तिच्यात बिंदू किती), कंपन्या शहराला २५६ देतात अन् खेड्याला मुद्दाम ४ बिंदूंवर ठेवतात, फोनच्या सिक्रेट मेनूत जाऊन २५६ लॉक करा, आणि बिंदू कसे मांडलेत याला काही अर्थ नसतो, किती आहेत तेवढंच बघा. मी केबल अन् नेटच्या लाईनवर काम करतो, मीटरवर रोज हेच बिंदू बघतो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

चौपटचं आधी. लहरीची उंची आणि फेज (लहर किती पुढं-मागं सरकली ते) मिळून एका वेळी जे काही पाठवतात ते कागदावर काढलं की एक बिंदू, असे सगळे बिंदू मिळून कॉन्स्टेलेशन. ४ बिंदूंतून एका वेळी २ बिट जातात, १६ मधून ४, ६४ मधून ६, २५६ मधून ८. बघा, बिंदू चौपट केले तरी बिट दोनच वाढले! डिजिटल केबलचं घ्या, ८ मेगाहर्ट्झचा चॅनल, सेकंदाला ६८ लाख ७५ हजार सिंबॉल (एका वेळी पाठवलेला एक बिंदू म्हणजे एक सिंबॉल), एरर करेक्शनचा म्हणजे चुका दुरुस्त करायला जोडलेल्या जादा बिटांचा वाटा काढला की ६४ ला साधारण ३८ एमबीपीएस आणि २५६ ला ५० च्या थोडं वर. म्हणजे एक तृतीयांश जास्त. वाय-फाय ७ च्या ४०९६ चं पण तेच, १०२४ ला १० बिट होते ते १२ झाले, २० टक्के वाढ, ती पण राउटरच्याच खोलीत बसलात तर. अन् प्लॅन ४० एमबीपीएसचा असला तर ४०च, राउटर कुठला का असंना.

आणि ही वाढ फुकट नसते. पॉवर तेवढीच ठेवून बिंदू चौपट केले की दोन बिंदूंतलं अंतर निम्मं होतं, मग सिग्नल ६ डीबीनं (डेसिबल, सिग्नलची ताकद तोलायचं माप) जास्त स्वच्छ लागतो. मीटरवर हे डोळ्यानं दिसतं. लाईन चांगली असली की ६४ ठिपके सुईनं टोचल्यासारखे, नॉईज वाढला की प्रत्येक ठिपक्याचा गोल ढग होतो, अँप्लिफायर जास्त ताणला की चार कोपऱ्यातले ठिपके आत ओढले जातात, फेज हलायला लागली की कडेचे ठिपके वाकून कमानीसारखे लांबतात. ६४ ला एमईआर (सिग्नल नॉईजच्या मानानं किती स्वच्छ आहे त्याचा डीबीतला आकडा) २४ च्या आसपास आला की चित्र फुटायची वेळ आली समजा, २५६ ला तीच वेळ ३० ला येते. जुनाट कनेक्टर, पाणी शिरलेली वायर असल्या लाईनवर २५६ चालू करून बघा कोणी, टीव्हीवर निसते चौकोन दिसतील.

आता ते मांडणीला अर्थ नाही म्हणणारं वाक्य, माझ्या मते सगळ्यात चुकीचं तेच. मोसंबीची बाग लावलेल्या माणसाला विचारा, दोन झाडांतलं अंतर तेच ठेवून चौरस सोडून षटकोनी पद्धतीनं लावली तर त्याच रानात १५ टक्के झाडं जास्त बसतात. बिंदूंचं गणित हुबेहूब हेच आहे, षटकोनी मांडणीत साधारण ०.६ डीबी वाचतात. मग सगळे चौरसच कामून वापरतात? कारण चौरसात रिसीव्हरला आडवं वेगळं अन् उभं वेगळं वाचता येतं, आणि शेजारच्या दोन बिंदूंत एकाच बिटचा फरक राहील असं नंबरिंग, ज्याला ग्रे कोडिंग म्हणतात, ते सरळ बसतं. षटकोनीत एकेकाला सहा शेजारी, तिथं हे नंबरिंग नीट जमतच नाही, वाचवलेलं तिकडं जातं.

दुसरी गंमत अशी की चौरसाचे कोपरे लई पॉवर खातात. क्लॉड शॅनन या गणितज्ञाच्या १९४८ च्या सिद्धांतानं लाईनमधून जास्तीत जास्त किती बिट जातील याची जी हद्द ठरते तिच्यापासून सगळे बिंदू सारखेच वापरणारा चौरस जास्तीत जास्त १.५३ डीबी मागं पडतो, म्हणजे जवळपास ३० टक्के पॉवर वाया. म्हणून लांब पल्ल्याच्या फायबरवर आता आतले बिंदू जास्त वेळा अन् कोपऱ्यातले कमी वेळा वापरतात, बिंदू तेवढेच, निसती वापरायची वारंवारता बदलली. सॅटेलाइटची तऱ्हा आणखी वेगळी, तिथला अँप्लिफायर पूर्ण ताकदीवर चालवायचा असतो, कोपरे त्याला झेपत नाहीत, म्हणून डीव्हीबी-एस२ या सॅटेलाइट टीव्हीच्या स्टँडर्डमध्ये १६ अन् ३२ बिंदू चौरसात न ठेवता रिंगणात ठेवलेत. किती तेवढंच बघायचं असतं तर एवढी डोकेफोड कोणी केली असती?

राहिलं खेड्याला मुद्दाम ४ बिंदू. फोरजीत टॉवरला गाव कळत नाही, तुमचा फोनच त्याला सांगत राहतो की मला सिग्नल किती स्वच्छ येतोय, अन् टॉवर मिलिसेकंदाच्या हिशोबानं प्रत्येक फोनसाठी ४, १६, ६४ किंवा २५६ ठरवतो. टॉवरला लागून ज्याचं शेत आहे त्याला हिंगोलीत पण २५६ मिळतं (टॉवर अन् फोन दोघांना येत असेल तर), अन् संभाजीनगरात तळघरात बसलेल्याला ४. म्हणून लॉक करायचा सल्ला तर फारच भारी, ४६३६ वाल्या (म्हणजे त्याच सिक्रेट) मेनूत फोरजी-फाइव्हजी निवडता येतं, मॉड्युलेशन नाही. आणि समजा जमलं असतं तरी कमजोर सिग्नलवर २५६ म्हणजे पाठवलेलं वाचताच येणार नाही, पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा, स्पीड आहे त्याहून खाली.

खेड्यात नेट रडतं हे खोटं नाहीच, तक्रार कराच, पण नीट करा. नेटवर्क दाखवणाऱ्या ॲपमध्ये आरएसआरपी (टॉवरचा सिग्नल किती ताकदीनं येतोय) उणे ११५ च्या आसपास अन् एसआयएनआर (तो नॉईजच्या मानानं किती स्वच्छ आहे) शून्याजवळ दिसत असला तर टॉवर लांब आहे, जवळ टॉवर मागा. दोन्ही आकडे चांगले असून रोज संध्याकाळीच नेट मरत असलं तर टॉवरवर गर्दी आहे नाही तर टॉवरच्या मागची लाईन बारीक आहे, तिथं बिंदूंचा काही संबंध नाही. जागा, वेळ, दोन्ही आकडे आणि स्क्रीनशॉट तक्रारीत टाका.