कोकणकड्यावरचं इंद्रवज्र आणि पर्वतविज्ञानाची पदवी : 'जुना भटक्या' यांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही प्रतिक्रियेखाली 'जुना भटक्या' एवढीच सही केली आहे. पस्तीस वर्षं डोंगरात आहात असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचं म्हणणं दोन ओळींत उडवून लावण्यासारखं नव्हतं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाशिकमध्ये पर्वतविज्ञान आणि गिर्यारोहण यांचा एकत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हावा, अर्धा वर्गात आणि अर्धा डोंगरात, असं मी लिहिलं होतं. त्यावर काकांनी चार गोष्टी विचारल्या. डोंगर पायांनी शिकायचा असतो, तेनसिंगने कुठली पदवी घेतली होती? गिर्यारोहणाचे बेसिक-ॲडव्हान्सचे कोर्स असताना हे आणखी कशाला? नाशिकला बर्फाचा कण नाही, मग इथे कसलं पर्वतविज्ञान? आणि दोन वर्षं घालवून पोरांना नोकरी कोण देणार? शेवटी त्यांनी लिहिलं, "कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलं त्या दिवशी मला जे मिळालं ते कुठल्याही विद्यापीठात मिळणार नाही, ताई."

इंद्रवज्रापासूनच सुरुवात करते, कारण ते मीही पाहिलंय. समोर ढग, पाठीशी ऊन, ढगावर आपली सावली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं. बोलणं बंद होतं माणसाचं. हरिश्चंद्रगडावरचं हे दृश्य कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९व्या शतकात लिहून ठेवलं आहे.

आता स्कॉटलंडमधल्या बेन नेविस या डोंगराची गोष्ट ऐका. उंची १३४५ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६) तीनशे मीटरने कमी आणि साल्हेरपेक्षाही (१५६७) ठेंगणा. त्याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं एक वेधशाळा होती. तिथे माणसं राहायची, वादळात, बर्फात, आणि दर तासाला तापमान, वारा, पाऊस यांच्या नोंदी घ्यायची. १८९४च्या सप्टेंबरमध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण तिथे थोडे दिवस निरीक्षक म्हणून राहिला. त्याने ढगांवरचं हेच रंगीत कडं पाहिलं आणि केंब्रिजला परतल्यावर काचेच्या भांड्यात ढग तयार करायच्या मागे लागला. त्यातून अभ्रकोष्ठ जन्माला आला, ज्यात अणूहून सूक्ष्म कणांची वाट डोळ्यांनी दिसू लागली. त्या कामासाठी १९२७ साली त्याला नोबेल मिळालं.

काका, तुम्हाला कड्यावर जे मिळालं ते खरंच विद्यापीठात मिळत नाही, ते विल्सनलाही डोंगरावरच मिळालं. पण ते घेऊन जायला त्याच्याकडे एक जागा होती. आपल्याकडची किती पोरं दर पावसाळ्यात कोकणकड्यावर उभी राहतात! त्यातल्या एखादीच्या मनात 'हे असं का दिसतं' हा प्रश्न उठला, तर सोमवारी ती तो कुणाकडे नेणार? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

बर्फाचा मुद्दाही इथेच येतो. स्कॉटलंडमध्ये आज एकही हिमनदी नाही, तरी तिथल्या पर्थ गावात पर्वत-अभ्यासाचं विद्यापीठीय केंद्र आहे. हिमालयाच्या भूविज्ञानात ज्यांचं नाव आदराने घेतात ते दाराशा नोशेरवान वाडिया सुरतेत जन्मले, बडोद्यात शिकले. जम्मूच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर सुट्ट्यांमध्ये हातोडी घेऊन डोंगर पालथे घातले आणि नंगा पर्वतापाशी हिमालयाची रांग अशी एकाएकी का वळते याचा उलगडा केला. देहरादूनची हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. सुरत नाशिकपासून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आपल्या दारातला डोंगर काही कमी नाही. मला एका दुपारी तो कसा कळला ते सांगते. त्र्यंबकच्या बाजूला एका कड्यावर मी आघाडीला होते. दोर अडकवायच्या बोल्टसाठी हातपंचाने भोक पाडायला घेतलं. खाली आमच्यासोबत जवळच्या वाडीतला एक वाटाड्या होता, चाळिशीचा, हार्नेस आयुष्यात न घातलेला. चार-पाच घाव पडले आणि तो खालून ओरडला, "ताई, तिथं नका ठोकू. तो दगड बोलत नाही."

मी थांबले. दोन हात डावीकडे सरकून हातोडी मारली. टण्ण. पुन्हा आधीच्या जागी मारली. भद्द. फरक इतका स्पष्ट होता की मला तो आधी ऐकू कसा आला नाही याचं आजही नवल वाटतं. भोकातून निघालेली भुकटी पांढरट होती. खडकाचा एक कपचा नखाने सुटला आणि त्याच्या आत वाटाण्याएवढे खळगे, खळग्यांत चकाकणाऱ्या पांढऱ्या सुया. झिओलाइट. नाशिक जिल्ह्यातली ही स्फटिकं जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली असतात आणि मी माझा जीव त्यांच्यावर टांगायला निघाले होते.

घरी येऊन पुस्तकं काढली तेव्हा कारण कळलं. सह्याद्री म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थरांवर थर. प्रत्येक प्रवाह थंड होताना आतले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि माथ्याजवळ अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पाण्यासोबत आलेली खनिजं भरतात. म्हणून प्रवाहाचं पोट घट्ट, पोलादासारखं, आणि माथा सच्छिद्र, भुसभुशीत. घट्ट भाग उभा कडा होऊन राहतो, सच्छिद्र भाग झिजून त्याची आडवी पट्टी होते, जिच्यावरून आपण आडवं जातो, जिथे गवत वाढतं, जिथे बऱ्याचदा गुहा आणि टाकी सापडतात. दोन प्रवाहांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातकट दगडाचा थर असतो. वरून भेगांतून उतरलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि बाजूला झऱ्यासारखं फुटतं. इतकी वर्षं किल्ल्यांवर हिंडूनही साताऱ्यापासून साल्हेरपर्यंत डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्या वाटाड्याला ते कानाने ठाऊक होतं. मला ते हातोडीचा घाव चुकल्यावर पुस्तकात मिळालं. दोघांचं एकत्र झालं असतं तर त्याच्या वाडीचं टाकं कुठे खोदावं हेही आम्ही बसून ठरवू शकलो असतो. मी मागितलेल्या अभ्यासक्रमात तो माणूस शिक्षकाच्या खुर्चीवर बसलेला आहे, मानधन घेऊन, पदवी असो वा नसो. मागच्या लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. तुमचा राग बऱ्याच अंशी त्यामुळे आहे असं वाटतं, आणि तो रास्त आहे.

तेनसिंगचं विचारलंत. १९५४ साली दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था उभी राहायची होती तेव्हा एव्हरेस्टवर पाऊल ठेवून आलेले हे तेनसिंग आणखी काही शेर्पांना घेऊन स्वित्झर्लंडला गेले आणि रोझेनलाउईला आर्नोल्ड ग्लाट्हार्ड या स्विस मार्गदर्शकाकडे प्रशिक्षण घेतलं. डोंगर कसा चढायचा हे त्यांना कोण शिकवणार? दुसऱ्याला कसं शिकवायचं, ते शिकायला ते गेले. मग वर्षानुवर्षं दार्जिलिंगच्या संस्थेत प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख होते. शिक्षणाबद्दल एवढा आदर असलेला गिर्यारोहक मला दुसरा आठवत नाही.

बेसिक आणि ॲडव्हान्स मी स्वतः केलेत आणि त्या दिवसांचं ऋण मी मानते. पण तो महिन्याभराचा कोर्स. त्यात दोर, गाठी, बर्फावरची चाल, पडलो तर कुऱ्हाडीने कसं थांबायचं हे अंगात भिनवायचं असतं आणि ते उत्तम भिनवतात. हिमस्खलन का होतं, कुठल्या उतारावर, बर्फाचा कुठला थर घसरतो, यावर एखाद-दुसरं व्याख्यान होतं. त्याहून जास्त त्या दिवसांत बसतच नाही. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन झालं आणि प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही चढलेली. तिच्या पायांत काही कमी होतं असं कोणी म्हणणार नाही. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळाभर रोज हिमस्खलनाचा अंदाज देते. बर्फात खड्डे खणून, थर तपासून, ती आकडेवारी गोळा करणारी माणसं गिर्यारोहकही असतात आणि शास्त्रज्ञही. अशी माणसं आपल्याला मोठ्या संख्येने हवी आहेत. ती आपोआप तयार होणार नाहीत.

आता एक जवळची गोष्ट. गढवालमधल्या एका ट्रेकवर, साधारण ४२०० मीटरच्या कॅम्पवर, आमच्यातला एक जण संध्याकाळपासून खोकत होता. नाव कुणाचंही घेत नाही. म्होरक्या अनुभवी होता, वीस-बावीस वेळा त्याच वाटेने गेलेला. त्याने कफ सिरप दिलं, 'थंडी बाधली, सकाळपर्यंत ठीक होईल' म्हणाला. रात्री दहाला मी तंबूत डोकावले तर तो खोकणारा माणूस बसूनच होता. आडवं होता येत नव्हतं. काहीही न करता धाप लागत होती. ओठ निळसर, आणि कान छातीशी नेला तर आत कुणीतरी कागद चुरगाळतंय असा आवाज. फुप्फुसात पाणी भरलं होतं. तेव्हा मला ते केवळ वाचून माहीत होतं, कारण १९६२च्या युद्धानंतर एकदम उंचीवर चढवलेल्या जवानांना काय होतं याचा अभ्यास आपल्याच सैन्यातल्या डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी केला होता. १,९२५ जवानांवरचा त्यांचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. इलाज एकच, उशीर न करता खाली. म्होरक्याशी वाद घालून, बॅटऱ्यांच्या उजेडात, पाळीपाळीने पाठीवर घेऊन आम्ही त्याला सातशे-आठशे मीटर उतरवलं. पहाटे तो चहा मागत होता.

वीस वेळा त्याच वाटेने जाऊनही तो म्होरक्या खोकला आणि हा आजार यांतला फरक ओळखू शकला नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पायांनी शिकण्याची ही किंमत आहे, काका, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याला मोजावी लागते.

नोकरीबद्दल. आज अशा पदवीला धरून जाहिरात निघत नाही, हे मान्य. पण काम आहे का, असं विचाराल तर ते पंचवटी एक्स्प्रेसच्या खिडकीतून दिसतं. थळघाटात, म्हणजे आपल्या कसारा-इगतपुरीच्या मधे, पावसाळ्याआधी रेल्वेची हिल गँग दोराला लोंबकळून कड्यावरचे सुटे दगड पहारीने पाडत असते. कुठला दगड यंदा सुटेल आणि कुठला अजून दहा वर्षं राहील, हा निर्णय त्या दोरावर होतो. सप्तशृंगीच्या कड्यावर दरडीसाठी जाळ्या लावल्या आहेत, त्यांची तपासणी दोरावरूनच होणार. ३० जुलै २०१४ला माळीणवर आणि १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळलेली आपण पाहिली. तसल्या उतारांखालच्या वाड्यांची गावोगाव फिरून पाहणी करायला चढता येणारा आणि दगड-माती वाचता येणारा माणूस लागतो.

पाण्याचं तर विचारू नका. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच डोंगरांतल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन दरीत उतरतात. सिक्कीमने आपले झरे जिवंत करायचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा त्यात पुण्याच्या भूजलतज्ज्ञांची मदत झाली होती. पुण्याची माणसं सिक्कीमचे झरे शोधू शकतात, तर त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याचे झरे नाशिकच्या पोरांनी का शोधू नयेत?

तरीही तुमच्या एका वाक्याने मला माझं मत बदलायला लावलं. "शेतकऱ्याच्या पोराने दोन वर्षं फी भरून काय करायचं?" दोन वर्षं पूर्ण वेळ, ही माझी मूळ मागणी मी मागे घेते. आधी एक वर्षाची पदव्युत्तर पदविका असावी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत क्षेत्रकाम, म्हणजे नोकरी किंवा शेती सांभाळून करता येईल. आदिवासी तालुक्यांतल्या मुलामुलींना फी नको, उलट विद्यावेतन हवं, कारण त्यांचा प्रत्येक दिवस मजुरीचा असतो. हे न करता कोर्स सुरू झाला तर तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सुखवस्तू मुलांचा छंदवर्ग होईल, आणि मग मी तुमच्याच बाजूने लिहीन.

एक विनंती आहे. प्रतिक्रियेत तुम्ही जाता जाता लिहिलंत की १९९०पासून प्रत्येक किल्ल्यावरच्या टाक्यात कुठल्या महिन्यात किती पाणी होतं ते वहीत लिहून ठेवायची तुम्हाला सवय आहे. धोडप, अंकाई, रामशेज, अलंग, सगळीकडचं. काका, त्या वह्या कुणाला दाखवल्यात का? सातमाळ रांगेत कुठलं टाकं कधीपासून मेपूर्वी आटायला लागलं, हे त्यातून निघू शकेल. मी कॉलेजातल्या दोन मुलींना घेऊन येते, तुमच्यासमोर बसून त्या नोंदी उतरवून घेतील, वही तुमच्या हातातून हलणार नाही. ही महिनाअखेर सोडून कुठलाही रविवार सांगा.