मुद्दाम ठेवलेली फट

काल दुपारी मी पोटमाळ्याच्या फळ्या आणायला गेलो असताना माझ्या गॅरेजच्या दारावरच्या फटीत कोणीतरी तीन पाचरी ठोकून ठेवल्या. पाचरी चांगल्या होत्या, नीट तासलेल्या होत्या आणि ज्या निष्ठेने ठोकल्या होत्या ती पाहता हे काम वैऱ्याचे नसून हितचिंतकाचे आहे, हे लगेच ध्यानात आले. वैरी इतकी मेहनत घेत नाही.

गॅरेज ओंडक्यांचे आहे, वर पोटमाळा आहे आणि ते मी स्वतःच्या हातांनी बांधतो आहे. कशासाठी, असे विचारणाऱ्यांची रांग आधीच लांब असल्यामुळे तो विषय येथे काढत नाही; फटीबद्दल मात्र सांगणे भाग आहे. ओले लाकूड वाळताना आकसते, पण सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. त्यातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की परिघाच्या दिशेने ते पुढे 6 ते 8 टक्के आकसू शकते, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने त्याच्या निम्मे आणि लांबीत मात्र जवळजवळ मुळीच नाही. म्हणजे एकावर एक आडवे ओंडके रचून केलेली भिंत वाळता वाळता खाली उतरते आणि दाराच्या चौकटीची उभी लाकडे होती तेवढीच उंच राहतात. ओल्या ओंडक्यांच्या भिंतीसाठी हा उतार उंचीच्या 5 ते 6 टक्के धरण्याचा प्रघात आहे, म्हणून सव्वादोन मीटर उंचीच्या दारावर 12-13 सेंटीमीटरची मोकळी फट सोडावी लागते. चौकट भिंतीला खिळ्यांनी जखडायचीही नसते; ओंडक्यांच्या टोकांना उभी खोबण पाडून तीत एक पट्टी बसवायची, म्हणजे तिच्या आधाराने ओंडके सरळ खाली सरकतात. फटीत पाचर ठोकली तर वरचा ओंडका चौकटीवर टेकून राहतो, कडेची भिंत उतरत जाते आणि एके दिवशी दोन ओंडक्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसू लागतो.

हितचिंतक कोण, हे शोधावे लागले नाही. संध्याकाळी ते स्वतःच श्रेय घ्यायला आले.

हे गृहस्थ पहिला ओंडका दगडी पायावर टेकला तेव्हापासून रोज हात पाठीमागे बांधून येतात. 30 सेंटीमीटर जाडीचा आणि 6 मीटर लांबीचा ओला ओंडका साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो वर चढवायचा तर भिंतीला दोन तिरपे वासे टेकवायचे, दोराचे एक टोक भिंतीच्या माथ्याला बांधायचे, दोर ओंडक्याखालून घेऊन पुन्हा वर आणायचा आणि दुसरे टोक ओढायचे; अशाने ओढण्याचा जोर निम्म्यावर येतो, असे शास्त्र सांगते. उरलेला निम्मा माझ्या कमरेला सांगतो. या साऱ्या काळात पाठीमागचे हात एकदाही सुटलेले मी पाहिलेले नाहीत. त्यांचा वाटा "किंचित डावीकडे" एवढाच असे, आणि डावी बाजू त्यांची की माझी, हे शेवटपर्यंत ठरले नाही. तेच हात पाचरी ठोकण्यापुरते मात्र सुटले.

"पाचरी पाहिल्या का?" त्यांनी विचारले.

"तुम्ही ठोकल्यात?"

"मग काय! इतके दिवस बघत होतो. तुम्ही संकोचाने काही बोलत नव्हता. अहो, माणसाचे माप चुकते. त्यात लाजायचे काय?"

"माप चुकलेले नाही. फट मुद्दाम ठेवली आहे."

त्यांनी माझ्याकडे अतिशय दयाळूपणे पाहिले. असली कारणे त्यांनी आजवर पुष्कळांच्या तोंडून ऐकली असावीत.

"भिंत खाली येणार आहे," मी म्हणालो.

ते दोन पावले मागे सरले. "कधी?"

"हळूहळू. दोन-तीन वर्षांत."

ते एक पाऊल पुढे आले. "म्हणजे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे?"

"हो. लाकूड वाळेल तशी ती उतरेल."

"आणि छप्पर?"

"तेही उतरेल."

"पोटमाळा?"

"तोही."

"आणि दार?"

"दार जागच्या जागी राहील."

ते बराच वेळ विचारात पडले. "म्हणजे सगळी इमारत हलते आहे आणि एकटे दार बरोबर आहे," ते म्हणाले, "आणि मी आधार द्यायला गेलो तर चूक माझी."

"वाळलेलेच लाकूड का नाही आणलेत?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि तो रास्त होता, हेच मला अधिक झोंबले. इतक्या जाडीचा ओंडका आतपर्यंत वाळायला वर्षे लागतात, तो वाळताना तडकतो आणि वाळल्यावर पटाशीला दाद देत नाही. ओल्या लाकडात मात्र खाच सहज कोरता येते. हे सारे मी शांतपणे समजावून सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे घाई तुम्हाला आणि त्रास भिंतीला."

मग ते आत शिरले. पोटमाळ्याच्या मधल्या तुळईखाली जो खांब आहे, त्याच्या बुडाशी लोखंडी स्क्रूचा जॅक बसवलेला आहे. ते खाली वाकले. "हा गाडीचा जॅक खांबाखालून काढायचा राहिला वाटते."

तो गाडीचा नव्हता आणि राहिलेलाही नव्हता. तुळईची दोन्ही टोके भिंतींवर टेकलेली आहेत आणि मध्ये खांब आहे. भिंती उतरणार आणि खांब उभा असल्यामुळे उतरणार नाही. जॅक अधूनमधून फिरवून खांब खाली घेतला नाही, तर पोटमाळ्याची जमीन मध्ये उंटाच्या पाठीसारखी वर येईल. राहत्या खोलीच्या जमिनीचा हिशेब करताना दर चौरस मीटरला 150 ते 200 किलो भार धरतात. माझ्या पोटमाळ्यावर तर उरलेले वासे, फळ्या आणि पुढेमागे उपयोगी पडतील या आशेने कधीही टाकून न दिलेले तुकडे चढणार आहेत, त्यामुळे येथे हयगय चालण्यासारखी नाही.

"म्हणजे भिंत जसजशी बुटकी होईल तसतसा तुम्ही खांबही खाली घेत जाणार."

"होय."

"आणि हे सगळे गाडीसाठी."

"होय."

"गाडी आकसते का?"

याला उत्तर नव्हते. मी पाचरी काढायला लागलो. त्या इतक्या मनापासून ठोकलेल्या होत्या की दोन कशाबशा निघाल्या आणि तिसरी पटाशीने चिरून तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली. अखंड निघालेल्या दोन त्यांनी परत मागून घेतल्या. तिसरीचे तुकडे पाहून त्यांचा चेहरा पडला आणि क्षणभर मलाच ओशाळल्यासारखे झाले, याचा राग अजून गेलेला नाही.

राग त्या फटीपुरता नाही. या कामात जे काही धड जमते ते सगळे झाकले जाते. एका ओंडक्याची खाच करायची तर तो वर चढवायचा, बुंधा आणि शेंडा आलटून पालटून येतील असा फिरवायचा, लोखंडी आकड्यांनी जागच्या जागी धरायचा आणि पाणसळ लावलेला कर्कटक हातात घेऊन खालच्या ओंडक्याच्या पाठीवरची प्रत्येक गाठ आणि प्रत्येक खळगा वरच्याच्या पोटावर रेघेने उतरवायचा. रेघ ओढताना मनगट किंचित कलले तरी सगळी खाच वाया जाते. मग ओंडका उलटा करायचा, रेघेच्या आतले लाकूड कापायचे, कडेपर्यंत पटाशीने यायचे, मध्यभाग थोडा खोल ठेवायचा म्हणजे भार कडांवर येतो, आणि पुन्हा पालथा घालून बघायचे. खाच नेहमी वरच्या ओंडक्याच्या पोटात घ्यायची, खालच्याच्या पाठीत नाही, कारण पाठीत घेतली तर पाणी साचून लाकूड कुजते. एवढे करून तो नीट बसला की सांध्यात कागदही जात नाही आणि त्याच क्षणी हे सारे कसब पोटात गडप होते. पाहणाऱ्याला ओंडक्यावर ओंडका दिसतो. ते तर कोणीही ठेवील! दिसत राहते ती फक्त दारावरची फट. शिवाय वाळताना पडणाऱ्या चिरा. त्यांत पुट्टी भरण्याचा सल्ला मला आजवर इतक्या जणांनी दिला आहे की त्यांतल्या निम्म्यांनी दोराला हात लावला असता तर छप्पर केव्हाच चढले असते.

आज सकाळी मी फटीपुढे एक रुंद फळी लावली. अशी फळी फक्त वरच्या बाजूला ओंडक्याला ठोकायची असते आणि खालची कड चौकटीवरून मोकळी सरकू द्यायची असते, म्हणजे फटही झाकते आणि भिंतही अडत नाही. पोकळीत लोकर सैल भरली, वरच्या कडेला खिळे मारले आणि आता निदान दिसायला तरी काही शिल्लक नाही, अशा समजुतीत खाली उतरलो.

संध्याकाळी गृहस्थ एका नातेवाइकाला घेऊन आले. त्याच्यापुढे त्यांनी परिघाच्या आकसण्यापासून जॅकपर्यंत सगळे विवेचन स्वतःचे म्हणून केले आणि टक्के दुप्पट सांगितले. मग फळीपाशी येऊन तिची खालची कड बोटाने हलवून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "खालचे खिळे राहिले. तुम्ही दमला असाल, उद्या मी मारून टाकतो."

हातोडी मी आता कुलपात ठेवतो.