गोचिडीचे पाय मोजून रोग कळत नाही हो

परत तो फॉरवर्ड आला. म्हणे वेड्यावाकड्या, कमीजास्त पायांच्या गोचिडी म्हणजे लॅबमधून सुटलेले म्युटंट, त्यांच्यात जंतू ठासून भरलेले असतात, आणि नॉर्मल दिसणारी चावली तर टेन्शन नको. बाकीचं नुसतं चूक आहे, पण हे शेवटचं वाक्य कुणालातरी आजारी पाडेल म्हणून लिहितोय.

आधी त्या फॉरवर्डमधले फोटो बघा. बाण काढून दाखवलेली ती सहा पायांची गोचीड... अहो पिल्लू आहे ते! अंड्यातून निघते तेव्हा तिला सहाच पाय असतात, रक्त पिऊन कात टाकली की आठ होतात. आणि ती टम्म फुगलेली "राक्षसी" गोचीड म्हणजे पोटभर रक्त प्यालेली मादी, वजन शंभरपट वाढू शकतं तिचं.

व्यंग असलेल्या सापडतात, नाही कोण म्हणतंय. पाय कमी, पाय जादा, आणि सगळ्यात भारी म्हणजे अर्धी नर अर्धी मादी (नराची ढाल अख्खी पाठ झाकते, मादीची फक्त पुढचा भाग, त्यामुळे दोन तुकडे जोडल्यासारखी दिसते). पण गोचिडींमधल्या व्यंगांच्या नोंदी १९व्या शतकापासून आहेत, तेव्हा कुठली आली जेनेटिक लॅब? वाढताना तापमान बिघडलं, ओलावा कमी पडला, इजा झाली, केमिकल लागलं तरी असं होऊ शकतं. तुटलेला पाय पुढच्या कातीला परत फुटतो तोही कधीकधी खुरटाच.

जंतूंचं मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अर्धवट ऐकलंय. रशियन संशोधकांनी कवचातले दोष आणि गोचिडीतले जंतू यांचा संबंध तपासलाय, त्यात कॅडमियमसारख्या जड धातूंचाही विचार आहे, पण दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही ना. लाइम रोगाचा (गोचीड चावून होणारा, ताप आणि लाल चट्टा आणणारा आजार) जंतू बोरेलिया गोचिडीच्या आतड्यात बसलेला असतो, ती रक्त प्यायला लागली की लाळग्रंथीकडे सरकतो, बाहेरून काय डोंबल दिसणार? त्याला पीसीआर टेस्टच लागते.

गंमत म्हणजे तो बोरेलिया आईकडून अंड्यात जवळपास उतरतच नाही, म्हणजे लाइमपुरतं बघितलं तर ते सहापायी पिल्लू सगळ्यात कमी धोक्याचं (रिकेट्सिया नावाचे दुसऱ्या तापांचे जंतू मात्र उतरतात, त्यामुळे लाड नकोत). माणसाला लाइम देते ती बहुतेक वेळा मधल्या वयाची, खसखशीएवढी, आठही पाय जागेवर असलेली.

तेव्हा कशीही दिसली तरी बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा लाल चट्टा आला तर डॉक्टरला चावल्याची तारीख सांगा. पाय किती होते ते कुणी विचारणार नाही.